झाकलेला आवाज

काउंटरमागच्या नव्या मुलीने नाव पुकारलं आणि समोर बसलेली ती उठून उभी राहिली. पिशवी खांद्याला, एक पाऊल पुढे पडलेलं, तोंडून "हो, मीच" निघून गेलेलं. मग ती जागीच थबकली. दोन हिवाळे झाले, ते नाव कुणी तोंडात घेतलं नव्हतं, आणि आपण त्याला ओ देऊन बसलो. मुलीचा काही दोष नव्हता. तिच्या पडद्यावर जे दिसलं ते तिने वाचलं. ओ देणारी ती स्वतः ह्याच रुग्णालयात दुभाषी होती, वाळवंटातून विमानाने अ‍ॅडलेडला आणलेल्या आजाऱ्यांचं बोलणं डॉक्टरांना आणि डॉक्टरांचं आजाऱ्यांना सांगायची. गळ्यातल्या ओळखपत्रावर नावाच्या जागी तिने पांढरी चिकटपट्टी लावली होती आणि वर ‘कुन्मनारा’ लिहिलं होतं. पण आज ती कामावर नव्हती, रक्तातली साखर तपासायला आली होती, आणि तपासून घेणाऱ्या बाईचं नाव कुणी झाकलेलं नव्हतं. ते नाव इथेही येणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांचं त्यावाचून अडत नाही.

वाळवंटातल्या त्या मूळच्या लोकांत, म्हणजे तिच्याच माणसांत, कुणी माणूस गेलं की त्याचं नाव झाकायचं, फोटो पालथे घालायचे, आणि त्याच नावाचं जे कोणी मागे उरलं असेल त्याचंही नाव सोबत झाकायचं. त्याला कुन्मनारा म्हणायचं. घरातली जाणती माणसं ‘आता उघडा’ म्हणेपर्यंत. त्यात काही जगावेगळं नाही, उलट सोयीचंच असतं. फक्त हल्ली माणसं इतकी जातात की कुन्मनारांची गर्दी झाली आहे. मामाच्या घरी एका रविवारी तीन कुन्मनारा जमल्या होत्या. "कुन्मनारा, चहा टाक गं" म्हटल्यावर तिघी एकमेकींकडे बघत बसल्या आणि चहा शेवटी मामालाच टाकावा लागला. पण तिचं प्रकरण जरा वेगळं होतं. तिचं नाव जिच्यावरून ठेवलं ती बाई सगळ्या देशाची होती. तिची गाणी शाळेत शिकवायचे, मोर्च्यात म्हणायचे, परदेशातली माणसं रडत ऐकायची. असं माणूस झाकायचं म्हणजे तंबूच्या कापडाने टेकडी झाकण्यातला प्रकार. तरी लोकांनी ऐकलं, हे खरं. रेडिओने गाणी थांबवली. शहराच्या मधोमध एका उंच भिंतीवर तिचा चेहरा रंगवलेला होता, त्यावर नगरपालिकेने राखाडी ताडपत्री सोडली. ट्राममधून जाताना कुन्मनारा ती ताडपत्री रोज बघायची. वारा असला की ती फुगायची, आणि खालून हनुवटीचा थोडा भाग दिसायचा.

सुई टोचून झाली. बाहेर येताना तिला खिडकीजवळच्या खुर्चीत लेस्टर मामा दिसला. म्हणजे तो मघापासून तिथेच होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली, हाताला पट्टी बांधलेली, नजर स्वतःच्या बुटांवर. बुटांत बघण्यासारखं काही नव्हतं. त्याने ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवायला तो बूट बघत होता, हे तिला लांबूनच कळलं. लेस्टर मामा म्हणजे गाणाऱ्या बाईचा धाकटा भाऊ. दोन्ही मूत्रपिंडं गेल्यामुळे त्याला आपला मुलूख सोडून ह्या शहरात यावं लागलं होतं, आणि आठवड्यातून तीनदा यंत्राला जुंपून घ्यावं लागत होतं. दाराबाहेरच्या बाकावर तो तिच्या शेजारी हळूच टेकला.

"साखर किती निघाली?"

"आहे तेवढी."

"म्हणजे जास्त."

"तुझं रक्त धुऊन झालं?"

"झालं की. धुतलं, पिळलं, वाळत घातलं. आता कोरा करकरीत आहे मी. लग्नाला उभं राहायला हरकत नाही."

"करतंय कोण तुझ्याशी?"

"ती लाल केसांची नर्स. सारखी बघते माझ्याकडे."

"सुई कुठे खुपसायची ते बघते ती, मामा."

मामा खो खो हसला आणि मग खोकला. रस्त्यापलीकडच्या झाडाखाली त्यांच्यातलीच चार माणसं सिगारेट ओढत बसली होती, त्यांच्याकडे बघून त्याने हनुवटी उचलली. त्यांनीही उचलली. "मघाशी आत कुणीतरी कुणाला तरी हाक मारली म्हणे," तो म्हणाला. "मला काही ऐकू आलं नाही. कान गेलेत माझे." मामाची ही पद्धत तिला लहानपणापासून माहीत होती. क्षमा करायची, पण क्षमा केली हे चांगलं ठळक करून ठेवायचं.

"फोन उचलत नाहीस," तो म्हणाला.

"बॅटरी उतरलेली असते."

"दोन महिने? कसली बॅटरी आहे ती, विहीर आहे का?" मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "हे बघ. पाणीवाली जमीन सरकारकडून परत मिळतेय. सही करायला मंत्री येतोय, थंडी सरायच्या आत. सगळी माणसं जमणार. त्यांना तिचा आवाज पाहिजे तिथे. ते गाणं पाहिजे. म्हाताऱ्या बाया हो म्हणाल्या, मी हो म्हणालो, आमच्या जॉयलीनने सुद्धा हो म्हटलं, आणि तिला तर विचारलंही नव्हतं कुणी. आता अडलंय ते तुझ्यापाशी. तू तिची मुलगी. तू उघड म्हटल्याशिवाय उघडत नाही."

"बघते."

"काय बघतेस? माझ्याकडे बघ. मी यंत्रावर जगतोय, बाई. बघत बसायला मला वेळ नाही." पुढे तो जरा नरमला. "शनिवारी घरी ये. जवळच्यांनी आधी ऐकायचं असतं. ऐकून बघू, पोट काय म्हणतंय ते. नाही म्हणालीस तर नाही. मंत्री काय, बँडबाजा आणेल."

ती ट्राममध्ये बसली. मामा ‘तू तिची मुलगी’ म्हणाला ते खरंच होतं, त्यांच्यात आईची बहीण ती आईच, मावशी हा शब्दच त्यांना लागत नाही. जन्म देणारी आई ती पाच-सहा वर्षांची असताना तापाने गेली, आणि थोरल्या आईने तिला पदरात घेतलं. पदरात घेतलं म्हणजे ट्रकमध्ये घेतलं. त्या दिवसांत थोरली आई ट्रकच्या उघड्या पाठीवर उभी राहून गायची. पांढऱ्या टेकड्यांच्या पायथ्याशी खडकात जे पाणी आहे, त्याच्या अंगाखाली सरकारला विषारी कचरा पुरायचा होता, अणूच्या कुठल्या कुठल्या यंत्रांमधला. हजारो वर्षं तो तसाच जिवंत राहतो म्हणे. कागदावर ती जागा रिकामी दाखवलेली होती. थोरली आई म्हणायची, रिकामी आहे ना, मग मी गाते तेव्हा उत्तर कोण देतं? आणि गाऊन दाखवायची. खडकावरून आवाज परत यायचा आणि शहरातून आलेल्या बातमीदारांच्या अंगावर काटा यायचा. आठ-नऊ वर्षं ती गात हिंडली. पोलिसांनी उचललं तर गाडीत गायली. एका विद्यापीठाने तिला पदवीचा झगा दिला, तो ती थंडीत कुत्र्याच्या अंगावर घालायची, आणि आल्यागेल्याला म्हणायची, "ह्यांना हाक मारताना डॉक्टर म्हणा हं, शिकलेले आहेत." शेवटी सरकारने तो बेत गुंडाळला. पाणी वाचलं. हे सगळं सगळ्यांना माहीत आहे, पुस्तकांतही आहे, आणि कुन्मनाराला त्यातल्या एका शब्दाबद्दलही तक्रार नव्हती. ते झालं, आणि ते मोठं झालं.

तिची तक्रार त्या गाण्याबद्दल होती. म्हणजे त्याला तक्रार म्हणावं की नाही, हेही तिने कधी ठरवलं नव्हतं. गाणं साधं आहे. पडवीत एक मुलगी उभी आहे, पायात मोजे आहेत आणि बूट नाहीत, आणि कुणीतरी तिला म्हणतंय, थांब पोरी, तिथेच थांब, मी येते, धूळ दिसली की समज, मी येते. सगळा देश हे गाणं ऐकताना सरकारने आईबापांपासून तोडून नेलेल्या पोरांसाठी रडला. त्या पोरांची आता म्हातारी माणसं झाली आहेत, ती सभांमध्ये उभी राहून हे गाणं म्हणायची आणि त्यांना पुढचं म्हणता यायचं नाही. एकदा एक पांढऱ्या दाढीचा माणूस कुन्मनाराचे हात धरून म्हणाला होता, तुझ्या आईने माझी पडवी गाण्यात आणली. ती म्हणाली होती, हो. त्याला काय सांगणार, की पडवी तुझी नव्हती. मोजे माझे होते. हिरवे होते आणि एकाच्या अंगठ्याला भोक होतं.

पोर्ट ऑगस्टातलं मुलींचं वसतिगृह होतं ते. वाईट नव्हतं. मिशनच्या दोन बाया चालवायच्या, पाव आणि काकवी मिळायची, मारत कुणी नव्हतं. आई गेल्याला एकच उन्हाळा झाला होता. थोरल्या आईला पूर्वेकडच्या शहरांत गायला बोलावलं होतं, पहिल्यांदाच, आणि ट्रकमध्ये पोरीला जागा नव्हती. जागा होती, पण ध्वनिवर्धकांना लागली. थोरली आई पायरीवर उकिडवी बसली, तिची बटणं नीट लावली, म्हणाली, दोनदा झोपलीस की मी येते. मग ट्रक गेला. आणि मुलगी दोनदा झोपली आणि उठून पडवीत उभी राहिली. सकाळी त्या रस्त्यावर पुष्कळ धूळ उडायची. प्रत्येक वेळी तिच्यातून कुणीतरी निघायचं, दूधवाला, मेंढ्यांचा ट्रक, पोलीस. काही दिवसांनी तिने बूट घालणं सोडून दिलं. बूट घालून वाट बघितली की येणारं माणूस येत नाही, असा तिने आपल्यापुरता नियम काढला होता. मग मोजेही गार पडायला लागले. सगळा हिवाळा गेला. शेवटी आला तो लेस्टर मामा, एका बाजूचं दार नसलेल्या गाडीतून, आणि तिला आजीकडे घेऊन गेला. वाटेत त्याने तिला एका हाताने धरून ठेवलं होतं, पडू नये म्हणून. थोरली आई वसंतात आली. लाल कोट आणला होता, आणि एक कॅसेट. कॅसेटवर ते गाणं होतं. त्यात ती म्हणत होती, मी येते.

मोठी झाल्यावर तिने एकदाच विचारलं. थोरली आई तेव्हा शहरातल्या घरी भांडी घासत होती, पाठमोरी. कुन्मनारा म्हणाली, "ते माझं आहे ना गं, ते पडवीचं?" थोरल्या आईने भांडं विसळलं, उपडं ठेवलं, आणि म्हणाली, "गाण्यात जागा फार थोडी असते. जो येईल तो उभा राहतो." उत्तर चांगलं होतं. सभेत टाळ्या पडल्या असत्या. कुन्मनाराने ओली भांडी पुसून फळीवर लावली आणि तो विषय तिथेच मिटला. तिला राग होता. साधा, सरळ, सात वर्षांच्या पोरीचा राग, आणि तो वाढत्या वयाबरोबर वाढलाही नव्हता आणि गेलाही नव्हता. दुभाषी म्हणून काम करताना तिला दिवसभर दुसऱ्याचं ‘मी’ बोलावं लागायचं. माझ्या छातीत दुखतं, मी घाबरलोय, मला घरी जायचंय, मी हा पाय कापू देणार नाही. हे सगळं ती सरळ चेहऱ्याने, जसंच्या तसं सांगायची, आणि डॉक्टर तिच्याकडे न बघता आजाऱ्याकडे बघायचे. ती ह्या कामात फार चांगली आहे असं सगळे म्हणत. का नसणार? आयुष्यभर लोकांनी तिच्या देखत तिच्याच मोज्यांवर अश्रू ढाळले आणि ती शेजारी उभी राहून हो म्हणत आली.

म्हणून बाई गेली आणि नाव झाकलं गेलं, तेव्हा कुन्मनाराला जे वाटलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला. सगळीकडे एकदम शांत झालं. दुकानात, टॅक्सीत, मोर्च्यात कुठूनही तो आवाज अंगावर येण्याची भीती गेली. सगळ्या देशाने तोंड मिटलं, आणि पहिल्यांदाच थोरली आई कुणाचीच उरली नाही, म्हणजे घरच्यांची उरली. त्या शांततेत तिला भलत्याच गोष्टी आठवायला लागल्या. निलगिरीच्या तेलाचा वास असलेले तिचे गुडघे. तिचं घोरणं. विस्तवात पाव भाजताना राख उडवायची तिची फुंकर. चहात साखर टाकून चमचा न काढताच प्यायची तऱ्हा, चमचा डोळ्याजवळ यायचा. आवाज मात्र हळूहळू पुसट होत चालला होता, आणि त्याची तिला खंत वाटत नव्हती. उलट ती रोज सकाळी चाचपून बघायची, आज किती गेला. आता म्हणे उघडा. म्हणजे ताडपत्री खाली येणार, रेडिओ सुरू होणार, मंत्री डोळे पुसणार, आणि आपल्याला आपलं नावही परत मिळणार. ह्या शेवटच्या गोष्टीचा तिला मोह पडायला हवा होता. दवाखान्यात ती त्या नावाला ओ देऊन उठली ती काही नुसती चूक नव्हती, इतकं तिला स्वतःशी कबूल करता येत होतं. अंगाला ते हवं होतं. पण त्या नावाबरोबर पडवीही परत येणार होती.

घरी तिची मुलगी तामिका सोफ्यावर आडवी पडून फोन बघत होती. चोविशीची पोर, हॉटेलात काम करायची, दर महिन्याला नोकरी सोडायची घोषणा करायची, आणि घराची किल्ली आजवर चार वेळा हरवली होती. "तोंड का असं झालंय?" तिने मान न उचलता विचारलं.

"साखर वाढलीय."

"मग त्यासाठी तोंड आंबट करायचं होय?" स्वतःच्या विनोदावर ती हसली. मग उठून बसली. "जॉयलीनचा फोन होता. शनिवारी जायचंय म्हणाली. मी पण येऊ ना? मला ऐकायचंय. माझ्या डोक्यातून तिचा आवाज गेलाच आहे बघ. भीती वाटते मला." कुन्मनारा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. आपण ज्या गोष्टीची रोज वाट बघतो, तिची ह्या पोरीला भीती वाटते, हे तिला कधी सुचलं नव्हतं. पण त्यामुळे तिचं मत बदललं असंही नाही. नाही म्हणायचं, असं तिने नळ बंद करता करता ठरवलं. कारण द्यायचं नाही. कारण विचारण्याची पद्धतही नाही.

शनिवारी दुपारी मामाच्या अंगणात अर्ध्या कापलेल्या पिंपात विस्तव केला होता आणि निखाऱ्यांत कांगारूची शेपटं पुरली होती. जॉयलीन, म्हणजे मामाची मुलगी, चिमटा घेऊन उभी होती आणि धुराला शिव्या देत होती. "या बाईसाहेब," ती म्हणाली, "बॅटरी भरली वाटतं." घरच्या आठ-दहा बायका चादरी अंथरून बसल्या होत्या, पुरुष लांब कुंपणाशी, बायकांकडे पाठ करून. सगळे हवापाण्याचं बोलत होते. ते गाणं कशावर वाजवायचं ह्यावर वाद झाला आणि शेवटी तामिकाची गाडी अंगणात घेतली, चारी दारं उघडली. मामाने डब्यातून एक जुनी कॅसेट काढली होती, ती जॉयलीनच्या पोरांनी कुठूनशी फोनवर उतरवून घेतली होती. नंतर मोठ्या कंपनीने वाद्यवृंदासकट काढलेलं गाणं नाही. लाल कोटाबरोबर आलेलं. कुन्मनाराने ते तेव्हा एकदाच ऐकलं होतं, आणि नंतर सगळीकडे ते दुसरंच वाजायचं, ज्यात थोरली आई पन्नाशीची होती, आवाज भरदार, पाठीमागे व्हायोलिन, आणि शब्दाशब्दाला ठाऊक असलेलं की समोर माणसं रडणार आहेत.

"लाव," मामा म्हणाला.

आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीत कुणीतरी घसा साफ केला, आणि लगेच बायकांनी डोक्यावर चादरी ओढल्या आणि रडणं सुरू केलं. गेलेल्या माणसाचा आवाज पहिल्यांदा परत येतो तेव्हा रडून त्याला वाट करून द्यावी लागते. नाव घ्यायचं नसतं, नातं घ्यायचं असतं, ज्याचं जे असेल ते. "बहिणी गं," म्हाताऱ्या बाया म्हणत होत्या. "आत्या गं," जॉयलीन चिमट्यासकट खाली बसली. "आजी, आजी," हा तामिकाचा आवाज, फाटलेला. कुन्मनाराला ‘आई’ म्हणायचं होतं. दफनाच्या दिवशी तिने ते कोरड्या तोंडाने म्हटलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही. आताही तिने तोंड उघडलं आणि ती थांबली, कारण गाडीतून जो आवाज येत होता तो तिच्या ओळखीचा नव्हता.

कुणीतरी मुलगी गात होती. बारीक, जरा घाईत. श्वास कुठे घ्यायचा ते तिला नीट माहीत नव्हतं, ओळ संपायच्या आत तिचा दम संपत होता आणि शेवटचे शब्द हवेतच जात होते. ‘थांब पोरी’ म्हणताना सूर वर जायला हवा होता तो गेला नाही, फुटला, आणि फुटल्यावर ती घाबरली, हे ऐकू येत होतं, कारण पुढचे चार शब्द तिने भराभरा उरकून टाकले. मोठं, भरल्या अंगाचं, पायरीवर उकिडवं बसून बटणं लावणारं, सगळं ठाऊक असून निघून गेलेलं माणूस ह्या आवाजात कुठेच नव्हतं. कुन्मनारा इतकी वर्षं ज्या बाईची वाट बघत होती ती इथे नव्हती. इथे एक पोर होती. तिची धाकटी बहीण नुकतीच मेली होती. तिच्या अंगावर बहिणीचं लेकरू येऊन पडलं होतं, पाठीशी नवरा नव्हता, एका वाळवंटाचं पाणी वाचवायचं काम कसं कोण जाणे तिच्याच गळ्यात येऊन पडलं होतं, आणि ती कुठल्यातरी परक्या शहरात ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासमोर उभी राहून मी येते, मी येते म्हणत होती. फसवायला म्हणत नव्हती. यायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं.

"मामा," ती मोठ्याने म्हणाली. रडण्यात बोलायचं नसतं, पण ती म्हणाली. "केवढी होती रे ही?"

कुंपणाशी पाठ करून बसलेल्या मामाने वळून बघितलं. गाडीच्या दाराला टेकून तामिका रडत होती, नाक ओढत, बाहीला पुसत. मामाने तिच्याकडे हनुवटी केली. "तेवढी."

मग कुन्मनाराने चादर डोक्यावर ओढली आणि ती रडायला लागली. तिच्या तोंडून ‘आई’ आलं नाही. "पोरी गं," ती म्हणाली, "पोरी गं, माझ्या पोरी." चुकीचं नातं होतं. असं कुणी आईला म्हणत नाही, आणि त्या अंगणात एकही बाई अशी नव्हती जिला ते कळलं नसेल. शेजारची म्हातारी क्षणभर थांबली, तिच्या चादरीकडे बघत राहिली. मग तिने आपलं रडणं पुन्हा धरलं, आणि हळूहळू कुन्मनाराच्या रडण्याला लावून घेतलं, म्हणजे दोन्ही एकदम वर जातील आणि एकदम खाली येतील.

गाणं संपलं, खरखर संपली. बायकांनी तोंडं पुसली, कुणी नाक शिंकरलं, जॉयलीनला शेपटांची आठवण झाली आणि ती करपली म्हणून ओरडत पिंपाकडे धावली. मामा कुंपणापासून उठून आला. त्याला उभं राहायला त्रास होत होता, तरी तो बसला नाही.

"मग? काय सांगू त्यांना?" त्याने विचारलं. "उघडायचं?"

"उघडा," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता, तिने घसा साफ केला. "हेच लावा म्हणावं, ते व्हायोलिनवालं नको. आणि एकदाच लावा. सारखं सारखं लावू नका म्हणावं मामा, दमलीय रे ती पोरगी."